दत्ताच्या दिव्याची शाई

गदरानंतर दोन वर्षं झाशीत कोळशाला तोटा नव्हता. गोऱ्या पलटणीने घरंच इतकी जाळली होती, की लोक पडक्या चौकटी आणि वासे उकरून शेगड्या पेटवत, त्याच कोळशाची पूड करून दात घासत, आणि आपण कोणाच्या घराचा कोळसा तोंडात घालतोय हे कोणी विचारत नसे. अनुसूयाबाईंना विचारायची गरजच नव्हती. त्यांच्याकडे त्यांच्याच माजघराच्या तुळईचा कोळसा होता. तो त्या स्वयंपाकाला वापरत नसत, शाईसाठी राखून ठेवत.

लक्ष्मी ताल या तळ्याच्या वाटेवर दत्ताचं एक लहानसं देऊळ होतं. त्याची पूजा अनुसूयाबाईंच्या सासरी तीन पिढ्या चालत आलेली. देवासमोर तिळाच्या तेलाचा दिवा अखंड जळायचा, आणि त्यावर मातीचं परळ पालथं टांगलेलं असायचं. परळाला धरलेली काजळी बाई रोज पिसाने झटकून घेत. महिन्याभराची जमली की ती मडक्यात घालून कोळशाच्या मंद आचेवर भाजायची, म्हणजे तिच्यातलं तेल निघून जातं. मग बाभळीचा डिंक आणि माक्याचा रस घालून लोखंडी खलात घोटायची. किती? हात गळून पडेपर्यंत, आणि मग आणखी दोन दिवस. पूर्वी दरबारातले कारकूनही हीच शाई नेत. बाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण शाई नखावर घेऊन ती किती दिवस घोटली आहे हे त्या सांगत.

त्या दिव्याच्या तेलासाठी जुन्या दरबाराने देवाला पाच बिघे शेत दिलेलं होतं. त्यात तीळ व्हायचे. बाईंचे यजमान गदरात गेले, घराचं छप्पर गेलं, भांडीकुंडी गेली. देवळात पुरलेल्या मडक्यामुळे शेताची सनद तेवढी वाचली.

आता इंग्रज कचेरीत जुन्या सनदा तपासल्या जात होत्या. तपासायला सागर शहराहून मार्तंडराव नावाचे कारकून आणले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याला आपल्या हुशारीची फार हौस होती. टेबलावर विलायती शाईची बाटली ठेवून तो सगळ्या गावाच्या कागदांचा निकाल लावत बसे.

बाईंचे दीर नीलकंठ सनद घेऊन कचेरीत गेले आणि दुपारी परत आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"वहिनी, सनद खोटी ठरली," ते ओसरीवर बसत म्हणाले.

"खोटी म्हणजे?"

"मार्तंडराव म्हणाले, कागद तीस वर्षांचा आणि शाई कालची. जुनी शाई तपकिरी पडते म्हणे. त्यांनी मला दहा वर्षांपूर्वीचे सागरच्या कचेरीचे कागद दाखवले, खरंच तपकिरी होते. आणि आपली सनद काळी कुळकुळीत. वर म्हणाले, तुमच्या घरात शाई होते, बोरू तुमच्या कानावर आहे, मग ही कोणी लिहिली ते मी वेगळं सांगायला नको."

"मग तुम्ही काय म्हणालात, भावजी?"

खोट्या कागदाला तुरुंग आहे हे ऐकल्यावर नीलकंठांनी लगेच मान तुकवली होती. उद्या सकाळी जाऊन 'सनद खोटी, शेतावर आमचा हक्क नाही' या हुकुमाखाली सही करायची, म्हणजे खटला होणार नाही, असं ठरवून ते आले होते.

"आणि दिवा?" बाईंनी विचारलं.

"दिव्याचं बघू."

"काय बघू? देव अंधारात बसेल आणि आपण सह्या करू?" बाईंना इतका राग आला की त्या उठून आत गेल्या. नवरा गेला तेव्हा त्यांनी कोणाला दोष दिला नव्हता, छप्पर गेलं तेव्हाही नाही. पण सासऱ्यांच्या हयातीत आपण स्वतः घोटलेल्या शाईने लिहिलेला कागद खोटा, हे त्यांच्याने ऐकवेना. चांगली झाली म्हणून खोटी ठरवायची, तर मग वाईट करायला हवी होती की काय?

राग आला की बाई धुणं काढत. नीलकंठांचं उपरणं हातात घेतलं तर त्यावर विलायती शाईचा टपोरा डाग. बाईंनी तोंड वाकडं केलं. त्या घरात आजवर एक धोतर बिनडागाचं नव्हतं, आणि घरच्या शाईचा डाग कधी गेल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. रिठा झाला, राख झाली, ताक झालं, लिंबू झालं. तरीही हाताला सवय म्हणून त्यांनी लिंबाच्या फोडीला मीठ लावून डागावर चोळलं.

डाग गेला.

बाईंनी उपरणं उन्हात धरून पाहिलं. काळं निघून गेलं होतं, पिवळट ओल तेवढी राहिली होती. मग त्या दिवसात पहिल्यांदा त्यांना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी नीलकंठांबरोबर त्याही निघाल्या. आलवण नेसलेली विधवा कचेरीत जाणार, म्हणून आळीतल्या बायकांनी दारं लोटून घेतली, पण फटी ठेवल्या. कचेरीच्या दारात चपराशी जयसिंग आडवा आला; बायकांना आत सोडायला तो तयार नव्हता.

"काए बाई, इतै काए आईं? जे लुगाइन की जगा नइयाँ।"

"भैया, हमारे देवता को तो कोई बुलाता नहीं, इसलिए हम आए हैं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत साहेब खुर्चीत बसला होता. मार्तंडरावांनी हुकूम लिहून ठेवला होता, खाली साहेबाची सही. शेजारी सनद पडली होती. नीलकंठांनी टाक उचलला.

"थांबा, भावजी," बाई म्हणाल्या. त्यांनी पदराची गाठ सोडून मीठ लावलेली लिंबाची फोड काढली आणि आधी सनदेवरच पिळली.

"वहिनी!" नीलकंठ ओरडले. मार्तंडराव अर्धे उठले.

रस कागदावर पसरला. एक अक्षर थोडं फुगलं, पण काळं होतं ते काळंच राहिलं. मग कोणाच्या ध्यानात यायच्या आत त्यांनी उरलेली फोड हुकुमावर दाबून फिरवली.

"ये औरत क्या करती है?" साहेबाने विचारलं.

"हुजूर, बस थोड़ी देर देखिए," बाई म्हणाल्या.

मार्तंडराव रागाने लाल झाले होते. पण कागदाकडे त्यांची नजर गेली आणि ते परत खाली बसले. त्यांच्या वळणदार ओळी फिक्या पडत होत्या. 'सनद खोटी' आधी पिवळं झालं, मग दिसेनासं. शेवटी साहेबाची सही गेली.

"मार्तंडराव, शाई तपकिरी पडते ती तुमची," बाई म्हणाल्या. "आमची तेलाच्या काजळीची आहे. काजळ कधी जुनं होऊन तपकिरी झालेलं पाहिलंत? तुमच्या आईने तुमच्या डोळ्यांत घातलंच असेल की."

मार्तंडरावांनी मान खाली घालून साहेबाला सगळं समजावलं. साहेबाने सनद उजेडात धरली, हुकुमावरची आपल्या सहीची जागा बोटाने चाचपली, आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. या बाटलीतल्या शाईने त्याने दोन वर्षं झाशीचे हुकूम लिहिले होते.

"दूसरा हुक्म लिखो. ज़मीन मंदिर की," तो म्हणाला. मार्तंडरावांचा हात बाटलीकडे गेला, तशी त्याने ती दूर सारली. "इससे नहीं."

मार्तंडराव हळूच म्हणाले, "बाई, घरून जरा शाई मागवता येईल का?"

अनुसूयाबाईंनी पदराची दुसरी गाठ सोडली. तिच्यात बूच घट्ट बसवलेली लहानशी दौत होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, नीलकंठांच्या कानावरचा बोरू काढून शेजारी ठेवला, आणि म्हणाल्या, "नीट विचार करून लिहा. हिने लिहिलेलं मागं घेता येत नाही."