बिनखड्याची पुडी

काकूंकडे लोक गरजेपुरते येत. कुणाची परीक्षा, कुणाचा लांबचा प्रवास, कुणाचं दुकान चालेना. जे अडलं असेल त्यासाठी काकू कापडाची पुडी शिवून देत. तमालपत्र, वेखंडाचा तुकडा, चिमूटभर सुका पुदिना आणि नदीतला एक खडा. खडा हा पुडीचा जीव, असं त्यांची आई म्हणायची, आणि काकूंचा त्यावर पुरता विश्वास होता. काम झालेला माणूस मात्र परत फिरकत नसे. गरज सरो, वैद्य मरो.

काका गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच उरल्या होत्या. भिंतींना कान असले तरी तोंड नसतं.

अशात तो लिफ्ट दुरुस्त करणारा आला. बदली होऊन एकटाच इथे येऊन पडलेला. बायको आणि लहान मुलगी दूर, त्याच्या गावी.

"परत घरी बदली होईल असं काहीतरी द्या, काकू."

काकू खडा निवडत होत्या तोवर त्याने आपणहून दाराच्या बिजागरीला तेल घातलं, मुलीच्या गमती सांगितल्या, दोनदा चहा घेतला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं. तो हात धुवायला आत गेला आणि काकूंच्या हातून नको ते घडलं. निवडलेला खडा त्यांनी डब्यात परत टाकला आणि पुडी तशीच शिवली.

मग तो दर रविवारी यायला लागला.

"अजून काही हालचाल नाही, काकू."

"धीर धर," म्हणत काकू चहाचं आधण ठेवत. पण त्याच्या खिशातल्या पुडीकडे बघायचं टाळत.

एका रविवारी काकूंसमोरच मुलीचा फोन आला. "बाबा, तू आम्हाला विसरलास का?" ती विचारत होती. तो खिशातली पुडी चाचपत राहिला.

काकू उठल्या. "आण ती पुडी. शिवण उसवली असेल." आत जाऊन त्यांनी खडा घातला आणि टाका पक्का केला.

बदलीचा हुकूम आला तेव्हा तो बॅग घेऊनच निरोपाला आला. काकूंना राहवलं नाही. "आधीच्या पुडीत मी खडा घातलाच नव्हता रे."

"माहीत होतं," तो बुटांची नाडी बांधत म्हणाला. "हाताला लागायला हवा होता ना."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर रविवारी कुठे गेलो असतो?"

तो जिना उतरला. पुढे त्याचा एकदा फोन आला, मुलगी शाळेत पहिली आल्याचा. मग फोनही आला नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं काकूंनी स्वतःला बजावलं. तरी वाटायचं ते वाटलंच.

एका रविवारी त्यांनी चपला घातल्या आणि त्या रस्ता ओलांडून शिंपिणीच्या दुकानात गेल्या.

"काही शिवायचंय का?" मशीन न थांबवता तिने विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या, आणि ती ‘बसा’ म्हणेल म्हणून तिथेच उभ्या राहिल्या.