तिसरी खिडकी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं ते विटांचं चर्च पुन्हा मूळ रूपात आणायचं ठरलं, तेव्हा आर्किटेक्टने नियम सांगितला: मूळ बांधकामानंतर जे जे जोडलं गेलं, ते ते निघणार. मधल्या काळात तिथे धान्याचं गोदाम होतं, मग बॅडमिंटन. पत्रे, ट्यूबलाइटी, गुलाबी ऑइलपेंट, सगळं निघालं. कोणी रडलं नाही.

राहिली एक खिडकी. जुन्या वादळात उत्तरेकडच्या टोकदार कमानींपैकी एक भिंतीसकट कोसळली होती आणि कोणीतरी ती परत बांधली होती, एवढं ठाऊक होतं. कुठली, ते आर्किटेक्टला भिंग लावूनही कळेना.

"तुम्हाला काही अंदाज?" त्याने गवंड्याला विचारलं.

"छे हो साहेब. सगळ्या एका माळेचे मणी."

ती बांधली होती गवंड्याच्या थोरल्या भावाने. भाऊ आता नव्हता. उभा जन्म विटांची धूळ खाऊन छातीनेच गेला.

दुपारी वहिनी डबा घेऊन आली. आर्किटेक्टने तिलाही अदबीने विचारलं.

"वहिनी, भाजी गार होतेय," गवंडी घाईने म्हणाला.

"होऊ द्या. भावाचं कौतुक निघालं की बरी भूक लागते तुम्हाला!" वहिनी तिसऱ्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. "ही ह्यांची. पिवळ्या विटांचा पट्टा जुळेना म्हणून दोनदा उतरवली. झोपेतसुद्धा ओळंबा धरायचे."

"अप्रतिम," आर्किटेक्ट मनापासून म्हणाला आणि त्याने खडूने भिंतीवर फुली मारली.

वहिनीला वाटलं, नावाची पाटी लावणार. दिराने नियम समजावला, तेव्हा तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "एक अख्खी वीट तेवढी द्या मला."

दुसऱ्या दिवशी गवंड्याने स्वतःच छिन्नी घेतली. परक्याच्या हाती देववेना. चुन्यातली वीट जरा हलवली की सुटून हातात येते. ही सुटेना. चुना फक्त दर्शनी होता; आत भावाने सिमेंट ठासलं होतं. सिमेंट विटेपेक्षा चिवट. कितीही हलका घाव घाला, सांधा तसाच राहायचा आणि वीट फुटायची. गवंडी दिवसभर दाताच्या डॉक्टरसारखा जपून काम करत होता.

एकही अख्खी निघाली नाही.

वहिनी ढिगाऱ्याशी उकिडवी बसून तुकड्याला तुकडा लावून पाहत होती.

"सिमेंट ठासायची खोडच होती मेली," ती म्हणाली. "घरी येऊन मला सांगतात कसे, आता शंभर वर्षं तिकडे बघायला नको."