नळावरची रत्नम्मा

वाचकाला म्हातारीची दया यायला हवी असेल, तर आधी तिच्या तोंडातल्या शिव्या काढाव्या लागतात. मला कुणी लिहायला शिकवलं नाही. ही युक्ती माझी मलाच सापडली होती.

आमच्या लातूरच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. तिथे नंबर लावायचं काम शेजारच्या रत्नम्माचं. ते तिला कुणी दिलेलं नाही. सत्तरी उलटलेली, घरात एकटीच. कुणी घागर पुढे सरकवली की ती पायाने मागे ढकलायची आणि त्या बाईचं माहेर-सासर दोन्ही काढायची. बायकाही सोडायच्या नाहीत. पाणी जाईपर्यंत भांडण, मग तिच्याच ओट्यावर चहा.

कादंबरीत मी तिचं नाव बदललं. भांडणं काढली. बिलोलीहून रोज फोन करणारी पोरगी मारून टाकली. खरी रत्नम्मा दोन भाकरी खाते; माझी म्हातारी अर्धी खायची आणि उरलेली दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवायची. लिहिताना मलाच रडू आलं, म्हणून वाटलं, जमलं.

पुस्तक आलं. समोरच्या वर्षाराणीने भिशीत म्हातारीचं प्रकरण मोठ्याने वाचलं. नाव बदललं तरी ओटा सगळ्यांनी ओळखला. पदर डोळ्यांना लागले.

पुढच्या पाण्याला वर्षाराणी म्हणाली, "अम्मा, तुमची घागर आधी."

"नंबर तुजा हाय की."

"राहू द्या हो. तुम्ही बसा निवांत."

कुणी तिची घागर भरून दारात ठेवली, कुणी भाकरी आणून दिली. घागर पुढे कुणीच सरकवली नाही. पाणी गेलं तशा बायकाही गेल्या. म्हातारीला कशाला चहाचा त्रास?

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "काय लिहून ठिवलीस गं कुसुम, माज्यावर?"

"तुमच्यावर नाही, अम्मा. कादंबरी आहे ती."

"मग भाकऱ्या माज्या दारात कामून येऊन राहिल्या?"

मी चहाचं आधण ठेवायला उठले. तिने हातानेच नको म्हटलं.

"आन माजी पोरगी कामून मारलीस?"

"वाचणाऱ्याला वाईट वाटावं म्हणून."

"वाटलं की. लई वाटलं. आता माज्याशी भांडायचं कुणी?"

पुढच्या वेळी मी ठरवूनच गेले. तिची घागर पायाने मागे सारली, माझी नळाखाली लावली. "वय झालं म्हणून नळ काय तुमच्या नावावर केलाय का, अम्मा?"

"कुसुमताई, जरा लाज धरा," वर्षाराणी म्हणाली. "म्हातारं माणूस आहे."

रत्नम्माचा हात कमरेवर गेला. तोंड उघडलं. मी वाट बघत होते. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हात खाली आला.

"भर बाई तू. नाटक करून राहिलीस, कळतंय मला."

ती ओट्यावर जाऊन बसली. वर्षाराणीने माझी घागर बाजूला केली, तिची भरली आणि उंबऱ्याशी नेऊन विचारलं, "इथं ठेवू?"

"ठिव," रत्नम्मा म्हणाली.

इतक्या हळू आवाजात तिला बोलताना गल्लीने कधी ऐकलं नव्हतं. माझ्या कादंबरीतली म्हातारी पहिल्या पानापासून तशीच बोलते.