माझ्या पोटातले मूठभर तांदूळ

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. येल्लापूरच्या रानातल्या आमच्या सिद्दी वाडीत मला कवंदी म्हणतात, आणि माझ्या तोडीची दुसरी कवंदी या वाडीत झाली नाही. पटत नसेल त्याने माझे चार कोपरे बघावेत.

मला कातरीनने शिवले. तिच्या नवऱ्याचा खाकी सदरा, चर्चच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, नेसायचे निळे लुगडे, धाकट्या लुईझाचे झबले, जे तिच्या हाताला लागले ते माझ्या अंगाला लागले. तिने कधी काही आखले नाही की मोजले नाही. एका कोपऱ्यातून निघायचे, कडेकडेने फिरत आत यायचे आणि शेवटचा तुकडा मधोमध लावायचा, एवढेच तिला ठाऊक. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले बसवली, कारण फुलांशिवायची गोधडी आमच्याकडे उघडी समजतात. आणि मधला तुकडा बंद करण्याआधी त्याच्याखाली मूठभर तांदूळ घालायचे असतात. याला गोधडीचे पोट भरणे म्हणतात. गोधडी उपाशी तर घर उपाशी, असे आमच्या बायका मानतात.

माझी वेळ आली तेव्हा शेतातले भात अजून हिरवे होते आणि घरातले डबे रिकामे. माझ्यासाठी राखलेली ती शेवटची मूठ. लुईझा तेव्हा जेमतेम बोलायला लागलेली, तापाने फणफणत पडली होती. कातरीनने मूठ माझ्यावर धरली. मी वाट पाहत राहिले. मग ती उठली, तांदूळ चुलीवर चढवले आणि पेज करून पोरीला चमच्याचमच्याने भरवली. परत आली ती सुपातली फोलपटे घेऊन. तीच माझ्या पोटात घातली आणि वरून टाके मारले.

मला राग आला होता, खोटे कशाला बोलू? एवढी फुले, एवढे बारीक टाके, आणि पोटात फोल!

दुसऱ्या दिवशी शेजारची सेबास्त्यीन आली. तिने बोटाने माझे पोट चाचपले. फोलपट वरून दाण्यासारखेच लागते.

"पोट भरलंस वाटतं हिचं?"

"भरलं तर. माझी गोधडी उपाशी राहील होय?" कातरीन म्हणाली. घरात तांदूळ नाही हे सांगण्यापेक्षा तिने जीभ तोडून घेतली असती.

सेबास्त्यीनने वाडीभर केले, पोरगी तापात आणि ही बाई गोधडीला जेवू घालते. तिने थट्टेत म्हटले, पण ते लुईझाला चिकटले. कळती झाल्यावर तिने ते दहा तोंडांतून ऐकले. पेज तिला आठवत नव्हती, टोमणा मात्र पाठ झाला. कातरीन असेपर्यंत तिने एकदाही विचारले नाही आणि कातरीननेही आपणहून सांगितले नाही. मी सांगितले असते, पण गोधडीचे कोण ऐकतो?

तरी ते दिवस सोन्याचे होते. माझ्याखाली तीन पोरांच्या सहा लाथा मी सोसल्या. धुराचा वास, सुक्या मासळीचा वास, झोपलेल्या पोरांच्या मानेचा वास अजून माझ्यात आहे. आल्यागेल्याला कातरीन मलाच पुढे करायची. मग ती गेली. बाजारातून वाघाचे चित्र असलेले गुबगुबीत ब्लँकेट आले आणि मी माळ्यावर गेले, सरपणाशेजारी. त्या वाघाला पहिल्याच धुण्यात गोळे आले, तेवढेच समाधान.

एका थंडीत शाळेच्या खोलीत गोधड्यांची कार्यशाळा भरली. धारवाडहून चंद्रिकाबाई आल्या होत्या. पोपट नको, पान नको, नुसते रंग आणि तुकडे, मनाला येईल तसे लावा, असे त्या सांगत होत्या. याला अमूर्त म्हणतात म्हणे. आठवणीचे जुने कापड आणा, ते कापून नवे काही करा, असेही त्यांनी सांगितले होते. लुईझा मला घेऊन गेली.

बाईंनी मला जमिनीवर पसरले आणि चार पावले मागे जाऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी जरा फुगलेच.

"ही कापायलाच हवी का, लुईझा?"

"हिचं पोट माझ्या आधी भरलंय, बाई. आता हिनं माझ्या कामी यावं."

कात्री बाजूलाच होती. शेवटची गाठ मधोमध असते, म्हणून तिने तिथूनच उसवायला घेतले. दोरा सुटला आणि तिच्या मांडीवर फोलपटे सांडली. तिने बोटे आत घातली, कोपराकोपरा चाचपला. एक दाणा नाही. तिच्या श्वासाने दोन फोलपटे उडाली, इतकी ती हलकी.

शेजारी काठी टेकून सेबास्त्यीन बसली होती, आता म्हातारी झालेली. तिने पाहिले आणि हळूच म्हणाली, "ही शिवली त्या दिवशी तुमच्या दारात पेजेचा वास होता गं. घरात दुसरं काही शिजलं नव्हतं. मी मनात म्हटलं, पेज कुठनं आली."

लुईझाने मांडीवरची फोलपटे मुठीत गोळा केली. "म्हणजे तांदूळ मी खाल्ले."

"तू नाही तर काय या फोलपटांनी?" म्हातारी म्हणाली आणि पदराने नाक पुसू लागली.

लुईझाने कात्री दूर सारली. बाहेर सगळ्यांच्या जेवणाचे तांदूळ निवडणे चालले होते. तिथून तिने मूठभर आणले आणि माझ्या पोटात घातले. फोलपटेही परत घातली, एकही टाकले नाही. आणि वरून हाताला आला तो लालभडक तुकडा लावला. तो माझ्या कशाशीच जुळत नाही. अमूर्त असेल. बाकीच्या बायकांनी नव्या गोधड्या केल्या, लुईझाची कमाई तो एक तुकडा. बाईंनी तो हात फिरवून पाहिला.

तर मित्रांनो, घरातली जुनी गोधडी कापायला काढाल तेव्हा आधी तिला ऊन दाखवा, उसवले असेल तिथे दोन टाके घाला, आणि ती कुणी, कुठल्या दिवसांत शिवली ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ती माणसे असेपर्यंतच विचारा. लुईझाला ते जमले नाही.

माझे म्हणाल, तर वाघ आता माळ्यावर आहे. मी लुईझाच्या अंगावर असते. झोपेत तिचा हात माझ्या पोटावर येतो आणि दाणे चाचपतो.