चुनेवाल्याची आई

चौकातल्या फोटो स्टुडिओवाल्याला सगळे चुनेवाले म्हणत. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण त्यानं एकट्यानं खोटी पाडली होती; त्याच्या संगणकातून कोळसासुद्धा गोरा होऊन निघायचा. लग्नाच्या मुली असोत की नोकरीला निघालेली पोरं, फोटो उघडला की त्याचा हात आपसूक चेहरा उजळायला लागे. कुणी कधी तक्रार केली नाही, ‘जरा अजून’ म्हणणारेच जास्त. तो स्वतः काळाकुट्ट होता आणि शाळेत त्याच्या बाकावर कुणी बसत नसे, हे काही तो विसरला नव्हता. आपण लोकांवर उपकारच करतो, असं त्याला मनापासून वाटे.

मग त्याची आई हरवली.

म्हातारीला हल्ली आठवत नसे. घरात कुणाचं लक्ष नसताना तिनं कडी काढली आणि ती गेली. बायको शेजारीपाजारी धावली आणि हा दुकानात. आईचा नेहमीच्या हिरव्या शालीतला, त्यातल्या त्यात चांगला फोटो शोधला, वर ‘हरवली आहे’ लिहिलं, खाली आपला नंबर टाकला आणि भिंती, खांब, बस स्टँड, जिथं जागा मिळाली तिथं दुपारपर्यंत चिकटवून आला.

बायको म्हणाली, “अहो, ह्या आपल्या आई वाटत नाहीत हो.”

“छान आलाय फोटो. तू मध्ये बोलू नकोस.”

दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दुपारी एका बाईचा फोन आला.

“दादा, सापडल्या का आई? काल स्टँडवर एक आजी दिसल्या होत्या, अशाच हिरव्या शालीतल्या. पण त्या काळ्या होत्या हो. तुमच्या कशा छान गोऱ्या! म्हणून म्हटलं, उगाच कशाला फोन करा.”

त्यानं फोन ठेवला. चपला कुठल्या घातल्या तेही न बघता तो धावत सुटला. आयुष्यभर लोकांना लावलेला चुना आज त्याच्याच घरी लागला होता.

स्टँडच्या दारात पहारेकरी बसला होता.

“एक आजी बघितली का हो? हिरवी शाल.”

“दिसायला कशी?”

“सावळी,” तो म्हणाला.

“सावळी म्हणजे? नीट सांगा ना राव.”

नीट सांगायचं तर शब्द एकच होता. तो शब्द ऐकूनच तो लहानाचा मोठा झाला होता, पण स्वतःच्या तोंडानं कधी उच्चारला नव्हता.

“काळी,” तो म्हणाला. “माझ्यासारखी काळी. माझी आई आहे ती.”

“मग ती काय! काल संध्याकाळपासून बसलीय. उठवली तरी उठत नाही.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. भिंतीलगतच्या बाकावर आई बसली होती, ओठ सुकलेले, पाय सुजलेले. तिच्या डोक्यावरच पोस्टर होतं. ते वाचायला लोक तिच्या खांद्यावरून वाकत होते.

तो तिच्या पायाशी बसला. त्याला रडू आवरेना.

आईनं त्याला ओळखलं नाही, पण रडणारं माणूस बघून तिला दया आली. पोस्टरकडे बोट करून ती हळूच म्हणाली, “ह्या गोऱ्या बाईसाठी रडतोस का रे? सगळे हिलाच शोधतायत. माझ्यासाठी कुणी आलं का, बघ ना जरा.”