टोकन आपल्याच मोबाइलवरून

बेसा रोडवरच्या त्या लॉनमध्ये रविवारी सकाळी आठलाच दीड हजार माणूस जमलेलं. एरवी इथे लग्नं लागतात. मंडपही लग्नाचाच, गुलाबी झालरींचा. स्टेजवर सोफ्यात स्पंदनगुरू, समोर टीपॉय, त्यावर शेवंतीची रास.

"टोकन दोनशे चौदा! कौसल्याबेटी!" गुरूंनी डोळे मिटले. "बोलू नको. स्पंदन बोलतंय. तुझी मुलगी... अचानक पडते. हातपाय आखडतात. झटके! आणि गोळ्यांनी नुसती झोप, झोप, झोप. सच है ना, बेटी?"

माझी धाकटी बहीण कौसल्या माइकसमोर मटकन खालीच बसली. तिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता. लॉनभर टाळ्यांचा कडकडाट. बाजूला बसलेले आमच्या गल्लीतले रुपराव मला कोपर मारत म्हणाले, "पाहा सरिताबाई, सांगाच लागत नाही त्याले काही!"

"गोळ्या स्पंदन अडवतात," गुरू म्हणाले. "आजपासून बंद. एकवीस दिवसांत पोरगी मोकळी."

माझं डोकं सणकलं. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हारा रिकामा केला. त्यांची नात आता बाबाच्या पायाशी! मी ऑटोतच सुरू झाले.

"कोणता बाबा?" कौसल्या उसळली. "एक तरी देवाचा फोटो होता का तिथं? नारळ नाही, अंगारा नाही. हे सायन्स होय, बाई. स्पंदन!"

तिथेच आमचं चुकलं. देवाच्या नावाने कोणी आला असता तर आमच्या घराने त्याला दारातूनच हाकललं असतं. हा सायन्सचं नाव घेऊन आला, तर त्याला चहा मिळाला.

गुंजन, कौसल्याची एकोणीस वर्षांची पोरगी, बीएस्सीला होती. तिला मिरगी. गोळ्यांवर असताना वर्षभर एकही झटका नव्हता. तीही म्हणाली, "मोठ्याई, पाहू दे ना बंद करून. गोळ्यांनी लेक्चरमध्ये डोळे मिटून राहिले माझे." त्याच रात्री गोळ्या बंद झाल्या.

मला एक गोष्ट मात्र खटकत होती. इतवारीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. आधार, पेन्शन, शाळेचे दाखले, अर्धी गल्ली सगळं माझ्याकडून भरून घेते. फक्त स्पंदनगुरूंचं टोकन नाही. लॉनच्या गेटवर पाटीच होती: 'टोकन आपल्याच मोबाइलवरून घ्यावे, दुसऱ्याच्या यंत्राने स्पंदन बिघडते.' अहो, ज्याला भिंतीपलीकडचं दिसतं, त्याला माझ्या कॉम्प्युटरची अडचण का व्हावी?

मी माझ्या मोबाइलवर त्यांची वेबसाइट उघडली. खाली पट्टी आली: 'आपला अनुभव सुंदर व्हावा म्हणून आम्ही कुकीज वापरतो.' पुढे भगवं, मोठं बटण, 'सगळं मान्य'. त्याखाली मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत 'नकार'. मी मोठं बटण दाबलं. मग तिथली जमिनीच्या वादावरची सगळी पानं एकेक करून वाचली, शेतीच्या बांधापासून कोर्टाच्या तारखेपर्यंत. माझ्या नावावर जमीन म्हणाल तर कोरफडीच्या कुंडीतली माती, तेवढीच. त्यानंतर टोकन घेतलं.

पुढच्या रविवारी गुरूंनी डोळे मिटले. "बेटी, जमीन रडतेय. कोर्टाची पायरी दिसतेय मला!"

मी हसू दाबलं. तेव्हा शेवंतीच्या राशीमागे टॅबचा उजेडही दिसला.

तिसऱ्या रविवारच्या टोकनाआधी मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या कुकीज पुसल्या, पट्टीवर 'नकार' दाबला, एकही पान वाचलं नाही, टोकनावर नावही दुसरंच टाकलं. गुरू डोळे मिटून बसले. टॅबवर काहीच नसणार. शेवटी म्हणाले, "हिच्याभोवती काळं कवच आहे. काही दिसत नाही."

मी माइक सोडला नाही. "कवच नाही, महाराज, कुकी पुसली मी! लोकहो, ऐका. कुकी म्हणजे वेबसाइटने आपल्या मोबाइलात ठेवलेली चिठ्ठी. त्यावर एक नंबर. तुम्ही कोणत्या दुखण्याचं पान उघडलं ते त्या नंबरपुढे यांच्याकडे जमा होतं. टोकनसाठी नाव टाकलं की नंबराला नाव मिळतं. म्हणून आपलाच मोबाइल लागतो! फुलांमागचा टॅब पाहा!"

"बाईले बसवा ना गा कोणी!" मागून ओरडा झाला. दोन स्वयंसेवकांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं. टॅब पाहायला एकही माणूस उठला नाही. कौसल्या माझ्यामागे धावत आली, तेव्हा वाटलं, चला, हिला तरी पटलं.

"लाज आणली वं बाई तू," ती म्हणाली. "तुह्याभोवती कवच आहे म्हणूनच त्याले दिसलं नाही."

"गुंजनला डॉक्टरकडे ने, मी हात जोडते."

"सातच दिवस राहिले. एकवीस होऊ दे."

अठराव्या दिवशी गुंजन न्हाणीत पडली. दार आतून बंद. दार तोडेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी पुरावे गोळा करत बसले. दोन रविवार! पहिल्याच दिवशी पोरीचा हात धरून तिला दवाखान्यात ओढून न्यायला हवं होतं. हे माझ्या जिवातून जात नाही, जाणारही नाही.

गुंजनच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं परतल्यावर कौसल्या भिंतीला टेकून मोबाइलवर बातम्या चाळत होती, नुसतीच. एकदम थांबली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरला. बातमीच्या मधोमध जाहिरात होती: 'मुलीला अजून झटके येतात? स्पंदनगुरू बोलावत आहेत. आजच टोकन घ्या.'

"बाई," ती म्हणाली, "याले तं सगळं दिसते ना? मंग माही गुंजन गेली, हे काहून नाही दिसलं?"

मी तिला जवळ घेतलं. तिच्या मोबाइलातली ती चिठ्ठी अजून तशीच होती, तीच ही जाहिरात ओढून आणत होती. मग तिच्या हातानेच सेटिंग उघडायला लावली, प्रायव्हसी, कुकीज, आणि खाली 'पुसून टाका'. तिने ते दाबलं.

लॉनमध्ये आता दोन हजार माणूस येतं. गुरूंनी सांगून टाकलंय की पोरगी मावशीच्या काळ्या कवचामुळे गेली. रुपराव माझ्या दुकानाकडे मान वळवत नाहीत.

त्या पट्टीवर 'नकार' शोधायला दहा सेकंद लागतात. उघडलेल्या पानावर दुसऱ्याच वेबसाइटने ठेवलेल्या कुकीज बंद करायलाही सेटिंगमध्ये एकच बटण असतं. हे मी येईल त्याला सांगते. कौसल्याने विचारलेला प्रश्न तिच्या नावासकट मोठ्या अक्षरांत लिहून दुकानात लावलाय. लोक तो वाचतात, चुकचुकतात, बाकावर बसतात आणि आपापला मोबाइल काढून 'सगळं मान्य' दाबतात. तुम्ही तरी दाबू नका. आणि गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका.