उतरलेला सूर

मित्रांनो, तुम्ही आमच्या घरी आलात तर आधी मला ओळखणारच नाही. मी पियानो आहे, पण सध्या माझ्या डोक्यावर फुलदाणी आहे, तिच्याखाली क्रोशाचा रुमाल आहे आणि शेजारी औषधांचा डबा आहे. म्हैसूरच्या अग्रहार भागात एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत मी भिंतीला पाठ लावून उभा असतो. तोंड मिटलेलं. बोलायची सवय सुटली आहे, तेव्हा गोष्ट जरा अडखळत सांगितली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. लाकडाची पेटी, आत लोखंडी चौकट, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि त्या तारांवर पडणाऱ्या, लोकरीची टोपी घातलेल्या हातोड्या, एवढाच माझा संसार. एका बंगल्यातली माणसं देश सोडून निघाली, तेव्हा जगन्नाथराव नावाच्या मराठी शिक्षकांनी मला बैलगाडीतून घरी आणलं. शेजारीपाजारी म्हणाले, हे धूड ठेवणार कुठे? जगन्नाथरावांनी स्वतःचं कपाट बाहेर काढलं आणि मला जागा दिली.

त्यांचा मुलगा संकर्षण. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून तो माझ्यापुढे बसला. पुढे तो मोठा संगीतकार झाला, केस पिकले, लग्नाचं राहूनच गेलं, पण बसायची जागा बदलली नाही. त्याची भाची पावनी नाच शिकवते. ती समोर पावलं टाकायची आणि संकर्षण तिच्या पावलांकडे बघत माझ्यावर सूर शोधायचा. तिचा पाय आपटला की माझ्या जाड तारा घुमायच्या, ती गिरकी घ्यायची तेव्हा बारीक तारा धावायच्या. काय दिवस होते ते! कार्यक्रमात तिच्या नाचाला माझंच रेकॉर्डिंग वाजायचं. पेपरात कौतुक यायचं ते मात्र संकर्षण आणि पावनीचं. माझं नाव कधी छापून आलं नाही, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मला सुरात लावायला बेंगळुरूहून एक कारागीर यायचा. तो थकला, यायचा बंद झाला आणि दुसऱ्या कुणाला बोलवायचं राहून गेलं. माझ्या तारा हळूहळू सैल पडल्या, पण सगळ्या सारख्याच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. घरात एकच घड्याळ असलं आणि ते मागे पडलं, तर घरच्यांना कसं कळणार? मी अर्धा स्वर खाली उतरलो आणि माझ्याबरोबर संकर्षणचा कानही उतरला.

त्याच सुमारास त्याने ऑपेरा लिहायला घेतला. ऑपेरा म्हणजे सगळी गोष्ट गाऊनच सांगायची. ही गोष्ट होती बन्नूरच्या जत्रेत मूल हरवलेल्या आईची. शेवटी ती मुलाला एक लांब, उंच हाक मारते. ती हाक पावनीच्या ओळखीची अनुषा गाणार होती. तिची ही पहिलीच मोठी भूमिका. माझ्याशेजारी उभी राहून ती इतकी सुरेख गायची की स्वयंपाकघरातला नळ बंद करून पावनी ऐकत राहायची.

मग तालीम सभागृहात गेली. तिथे इलेक्ट्रिक कीबोर्ड होता. संध्याकाळी तिघं घरी परतली, तेव्हा अनुषाचे डोळे सुजले होते.

"सर, माझा गळाच गेला," ती म्हणाली. "हाक फाटतेय. दुसऱ्या कुणाला तरी घ्या. नाटक आठवड्यावर आलंय."

"अय्यो, असा गळा जात नसतो गं," पावनी म्हणाली.

 संकर्षण माझ्यापुढे बसला आणि त्याने हाकेचा स्वर वाजवला. अनुषा नको नको म्हणत गायली, आणि हाक अगदी लख्ख लागली. पावनीने फोनवरची श्रुतीपेटी काढून तोच स्वर लावला. दोन स्वर एकमेकांना चावले. 

"तुझा गळा ठीक आहे," संकर्षण हळूच म्हणाला. "हा उतरलाय. मी सगळं याच्यावर लिहिलं आणि मला कळलं नाही."

अनुषा हसली आणि मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण लाजही वाटली.

पावनीने सोपा उपाय काढला. कीबोर्डवर एक बटण दाबून सगळे स्वर अर्ध्याने खाली आणले. व्हायोलिनवाल्यांनी तारा सैल केल्या, बासरीवाल्याने लांब बासरी घेतली. नाटकाच्या दिवशी सगळं सभागृह माझ्या सुरात वाजलं. अनुषाची हाक ऐकून लोक रडले म्हणे. मी नव्हतो तिथे. मी इथे बंद घरात होतो.

नंतर संकर्षणने एका नव्या कारागिराला आणलं. त्याने तारा तपासल्या.

"वर ताणता येतील सर, पण गंजल्यात. एखाददुसरी तुटेल."

संकर्षणने माझ्यावर हात ठेवला. "बिडि, राहू दे," तो कानडी-मराठी मिसळून म्हणाला. "म्हातारा आहे. त्याला त्रास नको." आणि त्याने झाकण लावलं.

आता तो हिनकलला पावनीकडे कीबोर्डवर लिहितो. इतरांबरोबर वाजवायचं तर बरोबर सूर लागतो ना! नव्या नाचाचं काम चाललंय असं कानावर येतं. घरी आला की तो माझी धूळ पुसतो, फुलदाणी सरळ करतो आणि वर झोपायला जातो. त्याची माया मला कळते. पण मित्रांनो, त्या दिवशी मला माणसासारखं बोलता आलं असतं तर मी म्हणालो असतो, तारा ताण रे बाबा.

तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्याला जपा. पण जपणं म्हणजे झाकून ठेवणं नव्हे. त्याला कामाला लावा. एक तार तुटली तर तुटू दे, बाकीच्या आहेत की.